शुक्रीने न प्यायलेले पाणी

आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत पाणी पिण्याचा पेला एकच होता. याचे कारण गरिबी नव्हे. आईच्या फळीवर पितळेची, स्टीलची, चिनीमातीची भांडी ओळीने मांडलेली असत आणि चहाला अचानक सात-आठ माणसे आली तरी कोणाचा हात रिकामा राहत नसे. पण माठाच्या झाकणीवर पेला एकच. पाहुणा आला की आधी त्याला त्या पेल्यातून पाणी द्यायचे आणि मग घरातल्या कोणीतरी त्याच पेल्यातून प्यायचे, हा बाबांचा नियम होता. बाबा शिवडीच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षक होते. कारण सांगितल्याशिवाय मुलांना नियम सांगू नये असे त्यांचे मत असल्यामुळे या नियमाचे कारणही मला फार लवकर कळले. त्यांच्या कोकणातल्या गावी माझे आजोबा विहिरीपाशी ओंजळ धरून उभे राहत. वरच्या आळीतले कोणी पाणी भरायला आले आणि त्याला दया आली, तर वरून धार सोडली जाई. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे आणि पोटात थोडे जाई. आमच्या लोकांनी पाण्याला हात लावण्यासाठी जे सोसले ते बाबांनी मला पुस्तकातून नव्हे, त्या पेल्यावरून शिकवले. “ज्याला आपल्या उष्ट्याची शिसारी आहे त्याने येऊ नये,” ते म्हणत, “आणि जो येईल त्याच्या उष्ट्याची आपल्याला शिसारी नाही. संपला धडा.”

शेजारच्या परबकाकू मालवणकडच्या. त्या रोज दुपारी आमच्या उंबऱ्यावर बसत, आईबरोबर गिरणीच्या, नळाच्या, सुनांच्या गोष्टी करत. तांदूळ निवडायला घेत, लसूण सोलून देत. पण आईने पाणी पुढे केले की ठरलेले उत्तर येई, “आत्ताच पियान इलंय गो.” त्या गेल्यावर बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणत, “काकूंना इतक्या वर्षांत एकदाही तहान लागली नाही. वैद्यकीय अभ्यास व्हावा अशी बाई आहे.” आई हसे, पण पेला पुसून झाकणीवर ठेवताना तिचा हात जरा जोरात फिरत असे. एवढे सगळे मी आरंभीच सांगते आहे, कारण पुढे जे घडले ते हे घर कसे होते हे ठाऊक असल्याशिवाय नीट समजणार नाही.

शुक्री आमच्याकडे आली तेव्हा मी सातवीत होते. ती असेल एकोणीस-वीस वर्षांची. आपले वय तिला ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नसल्याचा तिला कमीपणाही वाटत नव्हता. आई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. त्या खात्यातल्या बायकांचे एक मंडळ होते आणि मंडळाला एक वकीलबाई मदत करत. एके दिवशी त्यांनीच आईला विचारले, एका मुलीला खटला संपेपर्यंत ठेवून घ्याल का? शुक्री वारली जमातीची. डहाणूच्या पुढे, डोंगराच्या उतारावर तिचा पाडा. पावसाळा ओसरला की त्या बाजूला डोंगरच्या डोंगर गवत कापले जाते, वखारीत त्याच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना जातात. तिच्या पाड्याला काम देणारा ठेकेदार एकच होता. हंगामाआधी उचल देणारा तोच आणि हंगामानंतर मजुरी बुडवणारा तोच. त्या ठेकेदाराने आपल्या वखारीत शुक्रीवर बलात्कार केला. याहून अधिक मी लिहिणार नाही. जे घडले ते तिने न्यायालयात स्वतःच्या तोंडाने सांगितले. ते सांगायचा अधिकार तिचा होता आणि तो तिने वापरला. तक्रार नोंदवून घ्यायलाही पोलिसांनी दिवस लावले, साक्षीदार एकेक करून गप्प झाले, तेव्हा वकीलबाईंच्या खटपटीने खटला मुंबईच्या कोर्टात आणला गेला. साक्ष होईपर्यंत तिला त्या माणसाच्या हाताबाहेर ठेवणे भाग होते. म्हणून ती आमच्याकडे.

तिच्याबरोबर एक गाठोडे होते आणि त्यात एक लुगडे, एक कंगवा आणि मूठभर नागलीचे पीठ. ते पीठ तिने कधीच मळले नाही. अधूनमधून फडक्याची गाठ सोडून ती वास घेई आणि पुन्हा बांधून ठेवी. ती बाबांना ‘तू’ म्हणे. तिच्या बोलीत सगळ्यांनाच तू. देवालाही आणि ठेकेदारालाही. पहिल्यांदा तिने “बाबा, तू जेवलास का?” असे विचारले, तेव्हा उंबऱ्यावरच्या परबकाकूंच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. “मास्तरांक अरेतुरे करता ह्या चेडू!” बाबा मात्र खूश. आईसुद्धा त्यांना ‘अहो’ म्हणे. घरात कोणीतरी त्यांना ‘तू’ म्हणावे ही भूक त्यांची आई गेल्यापासून असावी, असे मला आता वाटते. शुक्रीची बोली मी येथे जशीच्या तशी उतरवत नाही. मला ती पूर्ण येत नव्हती, आणि अर्धवट उतरवली तर ती नक्कल ठरेल.

सकाळी भोंगा झाला की आई निघे आणि शुक्री मोरीत भांडी घासायला बसे. तिला कितीदा सांगितले की ते तुझे काम नव्हे, ती म्हणे, “हाताला काय सांगू मग?” ती गाणे म्हणत नसे, पण भांडी घासताना घशातल्या घशात एक लय धरी, तिला शब्द नसत. चाळीच्या सगळ्या आवाजांत, बादल्यांच्या, रेडिओच्या, जिन्यावरच्या पावलांच्या आवाजांत, मला ती लय वेगळी ऐकू येई. शाळेतून येताना दुसऱ्या मजल्यावर पोचले की मी क्षणभर थांबे. ती ऐकू आली की उरलेला जिना मी धावत चढे. मी एकुलती एक. घरी परत आल्यावर आत कोणीतरी असणे म्हणजे काय, हे मला त्या काही महिन्यांतच कळले. पुढे आयुष्यभर किल्लीने दार उघडताना मी त्या लयीसाठी कान दिला आहे. या सवयीचे हसू येते, पण ती गेलेली नाही.

एकदा आई आम्हा दोघींना घेऊन दादरच्या बाजाराला गेली होती. रस्त्याच्या कडेला काही आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: शेवळे हे पावसाच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे रानकोंब, त्यांना खाज असते आणि ती मारण्यासाठी काकडे नावाची आंबट फळे बरोबर शिजवावी लागतात. शुक्री त्या जुड्यांसमोर उकिडवी बसली ती उठेच ना. तिने एक कोंब हातात घेतला, मुळाशी लागलेली माती नखाने काढली आणि ती जिभेला लावली. विकणारी बाई म्हणाली, “कुठली गं तू?” शुक्रीने पाड्याचे नाव सांगितले. बाईने एक जुडी तिच्या ओच्यात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. त्या दिवशी शुक्रीने सुकट घालून शेवळे रांधली. आम्ही बोटे चाटून खाल्ली. तिने मात्र दोन घास घेतले आणि ताट बाजूला ठेवले. आईने विचारले, “काय गं, बिघडलं?” ती म्हणाली, “नाय. बरोबर झालंय. म्हणून जात नाय.”

भूगोल हा माझा आवडता विषय होता, पुढे तोच मी चाळीत जन्मलेल्या मुलांच्या तीन पिढ्यांना शिकवला. मी तिला म्हटले, तुझा पाडा मला दाखव. आम्ही फरशीवर नकाशा मांडला. तांदळाचे दाणे म्हणजे घरे, तुरीची डाळ म्हणजे झाडे, पाण्याने ओढलेली रेघ म्हणजे ओहोळ. “हे माझं. हे लहानूमामाचं,” ती सांगत गेली. लहानूमामा तिच्या आईचा भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवले आणि पाड्यातल्या तंट्यांचा निवाडा करणारा पंचही तोच. नकाशाच्या एका बाजूला तिने काहीच ठेवले नाही. मी एक दाणा उचलून विचारले, “आणि इथे?” तिने माझा हात धरून हलकेच मागे केला. ओहोळाची वाट तिने त्या रिकाम्या जागेला मोठा वळसा घालून नेली होती. मला न सांगता कळले की तेथे वखार आहे.

खटल्याची तारीख असली की शुक्री, आई आणि वकीलबाई बसने फोर्टला जात. आई त्यासाठी खाडा करी. बहुतेक वेळा त्या दुपारीच परत येत: आरोपीचे वकील आजारी, अमुक कागद आलेला नाही, पुढची तारीख. शुक्री आली की पायही न धुता भिंतीला टेकून बसे. तिला परत जायचे होते. साक्ष द्यायची आणि आपल्या पाड्यावर जायचे, एवढेच तिने मुंबईकडून मागितले होते. आणि पुढची तारीख पडली की मला आनंद होत असे, कारण ती आणखी एक महिना आमच्याकडे राहणार. तिची ओढ आणि माझी ओढ एकाच खोलीत एकमेकींच्या विरुद्ध दिशेने तोंड करून बसलेली असे. ती कुठे जायला तळमळते हे मी नकाशात पाहिले होते, तरी आनंद होई. मूल कोणत्याही गोष्टीकडे आपल्या उंचीवरूनच पाहते.

अखेर साक्षीची तारीख पक्की झाली. त्याच्या अलीकडच्या रविवारी दुपारी आई पीठ मळत होती, बाबा शाळेचे पेपर तपासत होते, शुक्री मोरीत होती आणि परबकाकू त्यांच्या जागी, उंबऱ्यावर. तेवढ्यात त्यांनी पाय आवरून वाट दिली. दारात एक वाळका म्हातारा उभा होता, काखेत कापडी पिशवी. त्याच्यामागे पांढऱ्याशुभ्र शर्टपायजम्यातला एक गृहस्थ.

“लहानूमामा!” शुक्री ओल्या हातांनी उठली आणि तिथेच थांबली. मामाच्या मागचा माणूस तिने पाहिला होता.

“मी यांच्या सोबतीला आलो,” तो गृहस्थ बाबांना नमस्कार करत म्हणाला. “म्हाताऱ्याला मुंबईची माहिती नाही. ठेकेदारसाहेबांकडे दिवाणजी आहे मी, पण आज त्या नात्याने आलेलो नाही. आम्हाला शांतपणे चार शब्द बोलायचेत.”

बाबांनी पेपर बाजूला सारले. ते सावध झाले होते, हे त्यांनी चष्मा वर सारला त्यावरून मला कळले. पण घरात आलेल्या माणसाला आधी पाणी. त्यांनी माठातून पेला भरून दिवाणजीपुढे धरला. येथे बाबा नेहमी एक क्षण समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत. पेला घेणारा किती कचरतो, ओठ लावतो की वरून ओततो, यावरून ते माणूस जोखत. दिवाणजीने पेला ओठांना लावून घटाघटा संपवला. बाबांच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. मग मामा प्यायला. बाबांनी पेला पुन्हा भरला आणि शुक्रीपुढे केला. “घे, शुक्री. तुझा मामा आलाय. बस इथे, सगळ्यांदेखत बोलू.”

लहानूमामाने पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि तो ताठ बसला, एखाद्या सभेत बसावा तसा. शुक्रीने पेल्याकडे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“घे ना,” बाबा म्हणाले.

“नाय पीत.”

त्या घरात पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे शुक्री आणि ते दोन पाहुणे सोडून तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. उंबऱ्यावरच्या परबकाकूंनाही, त्यांनी मान खाली घातली. इतके महिने त्याच पेल्यातून पाणी पिणारी मुलगी आपल्या माणसांसमोर आमचे पाणी नको म्हणत होती. बाबांचा आवाज शाळेतला झाला. “का? आजच काय झालं?”

“घे गं, मास्तर एवढ्या मायेने देतायत,” दिवाणजी हसून म्हणाला. “घरच्या माणसाचा मान ठेवावा.”

शुक्रीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. “मामा, तू सांग. तू काय म्हणून आलास? मामा म्हणून का पंच म्हणून?”

म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला, “पोरी, मिटव आता. यंदा त्यानं पाड्यातल्या एकाच्याबी हातात विळा दिला नाय. बाहेरची माणसं आणली. पोरं उपाशी झोपतात. तंटा उघडा हाय तोवर काम नाय म्हणतो, आणि काम नाय तोवर पाडा तुला येऊ देणार नाय.”

“ऐकलंस, बाबा?” ती आता बाबांकडे वळली. “आमच्यात तंटा झाला की पंच बसतो. ज्यानं केलं त्याचा माणूस पितो, पंच पितो, मग जिचं झालं ती पिते. एका भांड्यातलं. प्यालं की मिटलं. मग त्याचं नाव नाय काढायचं, कोर्टात नाय, घरात नाय. हा प्याला. मामा प्याला. आता मी प्याले की झालं.”

“पण हे साधं पाणी आहे,” बाबा म्हणाले.

“भांडं एक हाय ना?”

मामाच्या पिशवीत ताडीची बाटली होती, हे नंतर कळले. ती बाहेर काढायची गरजच पडली नव्हती. दिवाणजीला ती रीत चांगली ठाऊक होती. म्हणून तर तो न कचरता प्यायला होता. ज्या घटाघट पिण्यावरून बाबांनी त्याला सज्जन ठरवले तेच त्याचे काम होते. बाबा पेला धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात शुक्रीला त्यांचा चेहरा दिसला असावा, कारण ती एक पाऊल पुढे आली आणि तिने ओंजळ धरली. “तुझं पाणी नको असं नाय, बाबा. तू माठातलं वरून ओत. मी पिते.”

ती ओढ्यावर पाणी पितात तशी सहज ओंजळ होती. तिला बिचारीला काय ठाऊक, की त्या खोलीत कोणी कोणापुढे ओंजळ धरू नये म्हणून एका माणसाने आपले सारे घर एका पेल्यावर उभे केले आहे! पेल्यातले पाणी त्यांच्या बोटांवरून सांडले. त्यांना देताही येईना आणि मागेही घेता येईना.

आई पिठाच्या हातांनीच उठली. तिने बाबांच्या हातातून पेला काढून घेतला, मोरीत रिकामा केला आणि उंबऱ्याबाहेर दिवाणजीच्या चपलांशेजारी नेऊन ठेवला. “भाऊ, हा पेला तुमचा झाला,” ती म्हणाली, “जाताना घेऊन जा. आमच्या घरात तो आता यायचा नाही.” मग तिने फळीवरचा चहाचा एक कप घेतला, माठात बुडवला, स्वतः अर्धा प्यायली आणि उरलेला शुक्रीच्या ओंजळीत ठेवला, पाणी नव्हे, कपच. शुक्री प्यायली.

“बाई, तुम्ही एका पाड्याच्या पोटावर पाय देताय,” दिवाणजी उठत म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“पाय कोणाचा आहे ते कोर्टात बघू,” आई म्हणाली. “तुमची चप्पल घाला आधी.”

मामा सर्वांत शेवटी उठला. दारात त्याने शुक्रीच्या डोक्यावर हात ठेवला. “मग पाडा…” एवढेच तो म्हणाला. “ठाऊक हाय,” शुक्री म्हणाली. ते दोघे जिना उतरून गेले तरी ती दारात उभी होती, आणि ते लोक रस्त्याला लागले की नाही हे पाहायला ती गॅलरीत मात्र गेली नाही.

दिवाणजीने पेला नेला नाही. बाबांनी तो उचलून चाळीच्या मागे नेऊन टाकला आणि त्या दिवशी उरलेले पेपर तपासले नाहीत. दिवेलागणीला ते मला म्हणाले, “नियम चूक नव्हता, सुजाता. पण तो कोणासाठी केला ते विसरून लावला, की तो भलत्याच्याच हाती जातो.” दुसऱ्या दिवशी परबकाकूंनी स्वतःच्या घरातला एक नवाकोरा पेला आणून माठावर ठेवला. आईने त्यातच पाणी भरून त्यांना दिले. काकू म्हणाल्या, “आत्ताच पियान इलंय गो.” बाबा खो खो हसले, त्या घरातले ते पहिले हसू होते, रविवारनंतरचे.

शुक्रीने साक्ष दिली. मी आत नव्हते. पुढे जे लिहिते आहे ते आईने सांगितलेले आहे, आणि आई सांगताना पदरचे काही घालत नसे. शुक्रीची उलटतपासणी फार लांबली. ती थकली, पण बदलली नाही. त्यानंतर बचावपक्षाने लहानूमामाला साक्षीला आणले. त्यांना असे दाखवायचे होते की मूळ भांडण मजुरीचे होते, ते डिलाईल रोडच्या एका खोलीत पंचासमोर मिटले, आणि बलात्काराची तक्रार मागाहून रचलेली आहे. मामाला काय बोलायचे ते पढवले होते. त्याने निम्मे बोलूनही टाकले. मग वकिलाने शेवटचा प्रश्न विचारला, जो त्याच्या मते सर्वांत सोपा होता: “म्हणजे त्या दिवशी तंटा मिटला. बरोबर?”

“नाय,” मामा म्हणाला. “ती प्यायली नाय.”

“पण समेटाची बोलणी झाली होती ना?”

“बोलून काय होतं? प्यायल्याशिवाय मिटलं म्हणणारा पंच खोटा.”

तेव्हा न्यायाधीशांनी स्वतः विचारले, मजुरीच्या एवढ्याशा भांडणासाठी तुम्ही इतक्या लांब का आलात? म्हातारा त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखा पाहत राहिला. “मजुरी?” तो म्हणाला. “मजुरी तर दर साली बुडते, साहेब. तिच्यासाठी कोण पंच बसवतो? दिवाणजी मुंबईला येऊन पाणी पितो ते काय मजुरीसाठी?”

आई म्हणे, त्यानंतर आरोपीच्या वकिलाने बराच वेळ कागद चाळले. मामाने इतर सगळे खोटे सांगितले असते. पाड्यातल्या मुलांच्या पोटासाठी त्याची तेवढी तयारी होती. पण पंच म्हणून मिटलेल्याला न मिटलेले आणि न मिटलेल्याला मिटलेले म्हणणे त्याला जमले नाही. आजही वर्तमानपत्रात आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराच्या बातम्या येतात आणि खाली दोन ओळींत ‘साक्षीदार फितूर’ एवढेच छापलेले असते. ते वाचताना मी दरवेळी विचार करते, त्या माणसाला कोणी काय पढवले असेल, त्याच्या घरी चूल पेटते आहे का, आणि त्याला योग्य तो प्रश्न विचारायला कोणी उरले होते का.

निकालाच्या दिवशी बाबांनी शाळेतून रजा घेतली आणि मलाही नेले. ठेकेदाराला शिक्षा झाली. त्याने अपील केले, जामीन मिळवला. ते अपील पुढे कोणत्या वळणाला गेले हे वकीलबाई गेल्यानंतर मला शोधूनही सापडले नाही. पण गवताचा ठेका त्याच्याकडून गेला, एवढे मंडळातून कळले. त्या दुपारी आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. आम्ही जिना उतरून आवारात आलो तेव्हा झाडाखाली लहानूमामा उकिडवा बसला होता. शुक्री आमच्यापासून सुटून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आम्ही मागे होतो, तरी ऐकू आले.

“मामा, आता मिटलं का?”

त्याने पुष्कळ विचार केला. “नाय,” तो म्हणाला. “मिटायचं पण नाय. चल.”

“पाडा?”

“पाड्याला मी सांगंन. चल तू.”

तिने गाठोडे सकाळी निघतानाच बरोबर घेतले होते. आमच्यापैकी कोणी त्याविषयी विचारले नव्हते. ती आईच्या गळ्यात पडली, बाबांना म्हणाली, “तू जेवत जा वेळेवर,” आणि माझे दोन्ही गाल धरून माझ्याकडे पाहत राहिली. मला खूप काही बोलायचे होते. पुढची तारीख आता नव्हती, एवढेच मला कळत होते. तिला जे हवे होते ते मिळाले म्हणून मी आनंदी व्हायला हवे, हेही कळत होते. शाळेत शिकवलेल्या कितीतरी गोष्टी अशाच असतात, बरोबर असतात आणि उपयोगी पडत नाहीत. मामा पुढे आणि ती मागे, अशी ती गर्दीत गेली. चालताना तिने एकदाही वळून पाहिले नाही, आणि तिची चाल त्या शहरातल्या तिच्या चालीहून वेगळी होती, मोकळी.

त्यानंतर मी तिला पाहिलेले नाही. मोठी झाल्यावर एकदा त्या पाड्यावर गेले, तेव्हा ती कुठल्याशा गावी कामाला गेलेली होती. दादरला शेवळांच्या जुड्या दिसल्या की मी अजून विकणाऱ्या बायकांचे चेहरे पाहते, आणि मग लक्षात येते की मी वीस वर्षांची मुलगी शोधते आहे.

परतीच्या बसमध्ये वाहक आला. बाबांनी सवयीने चार तिकिटे मागितली. गणिताच्या बाबतीत बाबा कधी चुकत नसत. वाहकाने चार तिकिटे फाडून दिली आणि तो पुढे गेला. सकाळी येताना खिडकीशी शुक्री बसली होती, ती जागा सोडून मी बसले होते. भायखळ्याला एक बाई मोठी टोपली घेऊन चढली, सगळीकडे पाहत आमच्यापाशी आली आणि खिडकीकडे बोट दाखवून तिने विचारले, “इथं कोणी बसलंय का?”

आईने माझ्याकडे पाहिले. मग तिने पाय आवरून वाट दिली.

“नाही,” ती म्हणाली. “बसा.”